पुढचा भाग... आत्ता की पुढच्या आठवड्यात?

सगळा सीझन एका रात्रीत फस्त करणारे आणि आठवड्याला एकच एपिसोड चवीनं बघणारे, असे दोन पक्ष आज प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये आहेत. तुम्ही कुठल्या पक्षात?

शुक्रवारची रात्र. साडेनऊ वाजलेत. येताना आणलेली पावभाजी अजून गरम आहे, उद्या सुट्टी आहे, लॅपटॉप पोटावर बरोब्बर बसलाय. 'फक्त एकच एपिसोड हं,' असं तुम्ही स्वतःलाच बजावता. एपिसोड संपतो. शेवटची नावं धड वर सरकतही नाहीत, तोच कोपऱ्यात एक चौकोन उगवतो आणि सेकंद उलटे मोजू लागतो. पाच, चार, तीन... पांघरुणातून हात काढून ते थांबवण्यापेक्षा बघत राहणं सोपं असतं. असं करत करत कधीतरी स्क्रीनच तुम्हाला विचारते, अजून बघताय ना? बाहेर दूधवाला आलेला असतो. सीझन संपलेला असतो, आणि झोपेच्या हिशेबात शनिवारही गेल्यात जमा असतो. सोमवारी जेवताना कुणीतरी विचारतं, 'त्या इन्स्पेक्टरच्या बायकोचं पुढे काय होतं गं?' तुम्ही डबा उघडा ठेवून विचार करत बसता. इन्स्पेक्टरला बायको होती?

याला बिंज-वॉचिंग म्हणतात हे आता कुणाला सांगायला नको. कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशानं २०१५ साली 'वर्षाचा शब्द' म्हणून हाच निवडला होता. (मराठीत याला 'फडशा पाडणे' इतकं फिट्ट बसणारं मला तरी दुसरं काही सुचत नाही!) दुसऱ्या बाजूला आहेत आठवड्याला एक एपिसोड बघून मध्ये सहा दिवस त्यावर चर्चा करणारे. हे दोन पक्ष एकमेकांना मनसोक्त हसतात. एक म्हणतो, तुम्हाला जरा म्हणून धीर नाही. दुसरा म्हणतो, तुम्ही अजून दूरदर्शनच्या काळात राहता का?

गेला महिनाभर मी हा विषय घेऊन सगळ्यांचं डोकं खातेय. मैत्रिणी, त्यांचे नवरे, लोकलमधला ग्रुप, कुणालाही सोडलं नाही. आणि गंमत म्हणजे, ज्याला विचारलं त्यानं उत्तर सीरिजबद्दल दिलंच नाही. दिलं ते बरोबर बसून बघणाऱ्या माणसाबद्दल.

हार्ड डिस्कचे दिवस

बऱ्याच जणांना वाटतं की बिंज हा प्रकार आपल्याकडे नेटफ्लिक्सनं आणला. साफ चूक! नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलांवर एक टीबीची हार्ड डिस्क फिरत होती. तिच्यात 'फ्रेंड्स'चे दहाच्या दहा सीझन, 'प्रिझन ब्रेक', 'ब्रेकिंग बॅड' आणि 'सबमिशन फायनल' नावाच्या फोल्डरमध्ये आणखी बरंच काही. ज्याच्याकडे डिस्क, तो विंगचा राजा. कायदेशीर होतं का? अजिबात नाही. पण भारतातली पहिली बिंज पिढी तिथेच घडली. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि सगळी हार्ड डिस्क प्रत्येकाच्या खिशात आली.

यातली एक गोष्ट आपण विसरतो. हॉस्टेलवर लॅपटॉप एक असायचा आणि एका कॉटवर माणसं सहा. मध्येच कुणी झोपलं तर त्याच्यासाठी थांबायचं की पुढे जायचं, यावर खरोखरची भांडणं व्हायची. मेसच्या रांगेत हायझेनबर्गचं पुढे काय होणार यावर पैजा लागायच्या. आता प्रत्येकाकडे फोन आहे, प्रत्येकाच्या कानात इअरफोन आहेत. एकाच फ्लॅटमध्ये तिघी जणी तीन खोल्यांत एकच सीरिज बघतात. एक चौथ्या भागावर, एक सहाव्या, तिसरीची काल रात्रीच संपली. मग किचनमध्ये चहा करताना बोलायची चोरी! कोण कुठवर आलंय याचा हिशेब ठेवण्यापेक्षा हवेबद्दल बोललेलं बरं.

दर आठवड्याला थोडं थोडं, हा प्रकार मात्र आपल्याकडे टीव्हीच्याही खूप आधीचा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यातच क्रमशः छापली. यमूचं पुढे काय होतं हे कळायला वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबावंच लागायचं. नंतर दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिका आल्या. तेराच का? वर्षाचे ५२ आठवडे, त्याच्या चार तिमाह्या, प्रत्येक तिमाहीचे तेरा आठवडे. साधं कॅलेंडर! अमेरिकन टीव्हीचंही तेच गणित. म्हणूनच १ फेब्रुवारी २०१३ च्या शुक्रवारी नेटफ्लिक्सनं 'हाऊस ऑफ कार्ड्स'चा सीझन आणला तेव्हाही भाग तेराच होते. फरक एवढाच की तेरा आठवड्यांचा माल एका सकाळी दारात ओतला.

का ओतला? कारण त्यांना जाहिराती विकायच्या नव्हत्या, त्यामुळे रात्री नऊच्या स्लॉटचीही गरज नव्हती. मुळात ही कंपनी पोस्टानं डीव्हीडी भाड्यानं देणारी. अख्खा बॉक्ससेट घरी नेऊन लोक तो कसा बघतात, हे तिला चांगलं माहीत होतं. आपल्याकडे तोच धक्का ६ जुलै २०१८ ला बसला. 'सेक्रेड गेम्स'चे आठ भाग एकदम आले आणि शनिवार उजाडेपर्यंत अर्ध्या मुंबईनं गणेश गायतोंडेचा निकाल लावला होता.

मेंदूचं मत वेगळंच!

आता जरा शास्त्राकडे वळू या. घाबरू नका, थोडंच आहे.

मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक मस्त प्रयोग प्रसिद्ध केला. ५१ विद्यार्थी घेतले आणि शीतयुद्धावरची सहा भागांची एक ब्रिटिश हेरमालिका निवडली. एका गटानं ती आठवड्याला एक भाग अशी बघायची, दुसऱ्यानं रोज एक, तिसऱ्यानं एका बैठकीत सगळी. मग परीक्षा! दुसऱ्या दिवशी घेतलेल्या परीक्षेत बिंजवाले पहिले आले. पण त्यांचीच आठवण सगळ्यात वेगानं घसरली. १४० दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा आठवड्याला एक बघणारे पुढे होते. आणि सगळ्यात मोठा धक्का पुढेच आहे: मालिका आवडली का, या प्रश्नाला बिंजवाल्यांनी इतर दोन्ही गटांपेक्षा कमी मार्क दिले.

५१ विद्यार्थी आणि एकच मालिका, यावरून सगळ्या जगाबद्दल बोलायचं नसतं हे मान्य. पण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं पेपरनंतर कुठे जातं, हे तुम्हाआम्हाला कुणी वेगळं शिकवायला नको. आवडण्याचं कोडंही तसं जुनं आहे. लीफ नेल्सन, टॉम मेविस आणि जेफ गलाक यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की मध्ये जाहिराती आल्या तर लोकांना कार्यक्रम जास्त आवडतो. हो, जाहिराती! कारण सोपं आहे. कुठल्याही सुखाची आपल्याला पटकन सवय होते. मध्ये कुणी अडवलं की ती सवय मोडते आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. आमरसाची तिसरी वाटी पहिलीसारखी लागत नाही, तसंच काहीसं.

झोपेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांचा अभ्यास झाला, तोही २०१७ मध्येच. बिंज करणाऱ्यांची झोप जास्त खराब होती. त्याचं कारण त्यांना सापडलं ते असं की अंथरुणात पडल्यावरही गोष्ट डोक्यात चालूच राहते. त्याच वर्षी नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा झोपेशी आहे असं जाहीरपणे सांगितलं होतं. बोलण्यात गंमत होती, पण धंद्याचं गणित त्यात सरळ सांगून टाकलेलं होतं. हिंजवडीतल्या एका टेस्टर मैत्रिणीनं मला सांगितलं की तिच्या टीममध्ये मोठ्या सीरिजच्या रिलीजनंतरच्या सोमवारी कुणी प्रॉडक्शनला हात लावत नाही. हा अलिखित नियम आहे आणि तो मॅनेजरनंच काढलाय!

सोमवार, सकाळी साडेसहा

तुम्ही 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेलं असो वा नसो, २०१९ मधले ते सहा सोमवार तुम्हाला आठवत असतील. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला एपिसोड लागायचा, तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ साडेसहा. त्याच क्षणी तो हॉटस्टारवर यायचा. एरवी आठचा अलार्म चार वेळा स्नूझ करणारी माणसं सव्वासहाला दात घासून तयार! कुणी बसमध्ये बघायचं, कुणी लोकलच्या दारात उभं राहून. आणि ज्यांना जमलं नाही ते संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप बंद ठेवून फिरायचे. ऑफिसात पॅन्ट्रीजवळ दोन घोळके असायचे, बघितलेल्यांचा आणि न बघितलेल्यांचा.

त्यातला एक सोमवार तर कमालच होता. २९ एप्रिल २०१९. मुंबई-ठाण्यात लोकसभेचं मतदान, त्यामुळे सुट्टी. आणि त्याच पहाटे त्या सीझनचा तिसरा भाग, बर्फाच्या भुतांशी होणारी ती बहुचर्चित लढाई, तब्बल ८२ मिनिटांची. सकाळी लढाई, मग आंघोळ, मग मतदान. बूथबाहेरच्या रांगेत राजकारणावर कुणी तोंड उघडत नव्हतं, पण 'तुला काही दिसलं का? माझी तर स्क्रीनच काळी होती!' यावर मात्र सर्वपक्षीय एकमत. (खरंच इतका अंधार होता की जगभर आरडाओरड झाली.)

त्या सीझनचा शेवट कित्येकांना आवडला नाही. कथा घाईनं गुंडाळली असं मलाही वाटतं. पण ते सहा सोमवार कुणाला विचारा, चेहरा खुलतो. लोकांची या भागांसाठीची भूक किती होती याचा पुरावा तर त्याच्या दोन वर्षं आधीच मिळाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या सीझनचा चौथा भाग प्रसारणाच्या आधीच फुटला आणि त्या प्रकरणात मुंबईत चार जणांना अटक झाली. एका एपिसोडसाठी! पेपर फुटल्यासारखी बातमी!

एकच रामायण, दोन वेगांनी

आता असं म्हणाल की बघा, शेवटी ही आठवड्याच्या एपिसोडचीच आरती ओवाळतेय. थांबा जरा.

रामानंद सागर यांचं 'रामायण' दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं २५ जानेवारी १९८७ ला. दर रविवारी सकाळी. ७८ भाग, जुलै १९८८ पर्यंत, म्हणजे दीड वर्ष. रस्ते कसे ओस पडायचे, ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या घरात चाळ कशी जमायची, हे आपण आईबाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की आपणच तिथे होतो असं वाटतं. मग आला मार्च २०२०. लॉकडाऊन लागलं आणि २८ मार्चपासून दूरदर्शननं तेच रामायण पुन्हा लावलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. दीड वर्षाची मालिका सुमारे तीन आठवड्यांत संपली. याला बिंज नाही तर काय म्हणायचं? आणि तरीही १६ एप्रिलच्या एका भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभले, असा दूरदर्शनचा दावा होता.

म्हणजे वेग वाढला म्हणून मजा गेली नाही. का? तर सगळे एकाच वेळी, एकाच ठिकाणी पोचलेले होते. रात्री नऊला इंद्रजित पडला तर सगळ्या बिल्डिंगमध्ये एकदम पडला. दहा वाजता आजी नाशिकला फोन करून मोठ्या आत्याशी त्यावर बोलू शकत होती, आणि 'नको सांगू, मी अजून तिथवर आले नाही' असं आत्या म्हणत नव्हती.

मला वाटतं खरी गोम इथेच आहे. आठवड्याला एक की एका रात्रीत आठ, हा आकडा फसवा आहे. आपलं जे हरवलंय ते तुमच्याबरोबर त्याच पानावर थांबलेलं दुसरं माणूस.

आणि थांबण्याचं म्हणाल तर ते बिंजमुळे कमी झालंय, हाही एक गोड गैरसमज! 'पंचायत'चंच घ्या. पहिला सीझन एप्रिल २०२० मध्ये आला, आठ भाग, एका दुपारीही संपेल असा. दुसरा मे २०२२. तिसरा मे २०२४. चौथा जून २०२५. म्हणजे सचिवजी आणि रिंकीचं काय झालं हे कळायला एक रात्र जागायची आणि नंतर वर्ष-दोन वर्षं ताटकळायचं. 'स्ट्रेंजर थिंग्ज'वाल्यांनी तर चौथ्या आणि पाचव्या सीझनमध्ये तीन वर्षांहून जास्त काळ काढला. पोरं दाढीमिशीवाली झाली! पूर्वीची वाट सात दिवसांची होती आणि ती चार जणांत मिळून पाहायची होती. आताची दोन वर्षांची आहे आणि ती एकट्यानं पाहता पाहता आपण गोष्टच विसरून जातो. मग नवा सीझन आला की आधी यूट्यूबवर 'मागील भागात काय झालं'चा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ.

कंपन्या का बदलल्या?

अलीकडे आठवड्याला एक भाग पुन्हा फॅशनमध्ये आलाय. तो काही आपल्या मैत्रीच्या काळजीपोटी नाही हं. साधं गणित करा. दहा भाग एकदम टाकले तर मी महिन्याचे पैसे भरणार, एका वीकएंडला सगळं बघणार आणि सबस्क्रिप्शन बंद करणार. तेच दहा भाग आठवड्याला एक असे सोडले तर पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ आठवडे जातात, म्हणजे माझ्याकडून तीनदा पैसे! वर नऊ आठवडे फुकटात चर्चा. डिस्नेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये 'द मँडलोरियन' असंच दर आठवड्याला सोडलं. 'द बॉइज'चा पहिला सीझन २०१९ मध्ये ॲमेझॉननं एकदम दिला आणि २०२० मध्ये दुसऱ्याचे तीन भाग देऊन बाकीचे आठवड्याला एक केले. चाहते इतके भडकले की चांगल्या चाललेल्या सीरिजला त्यांनी एकेक स्टार देऊन सूड उगवला. निर्मात्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की बाबांनो, हा निर्णय आमचाच होता. नेटफ्लिक्सही आपल्या जुन्या हट्टावरून हळूहळू उतरतंय. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा शेवटचा सीझन नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये तीन तुकड्यांत आला.

(आपल्या मराठी चॅनेलवरच्या मालिका यात कुठे बसतात? कुठेच नाही. त्या रोजच्या. त्यात चार दिवस चुकले तरी लग्नाचा मांडव तिथेच उभा असतो. पण त्यांची एक गोष्ट मानायला हवी, रात्री आठला घरातले सगळे एका खोलीत असतात, भले नावं ठेवायला का असेना!)

ज्यांचा रविवार मंगळवारी येतो

आठवड्याच्या एपिसोडचं कौतुक करताना एक गोष्ट सोयीनं विसरली जाते. सगळ्यांचा आठवडा सारखा नसतो. ठाण्यात नर्स असलेली माझी एक शाळेतली मैत्रीण महिन्यातल्या दहा-बारा नाइट करते. तिची सुट्टी कधी मंगळवार, कधी शुक्रवार. सोमवारी सकाळी साडेसहाला सगळं जग ड्रॅगन बघत होतं तेव्हा ती पेशंटची ड्युटी दुसरीच्या ताब्यात देत होती. तिचं म्हणणं स्पष्ट आहे. तुमच्या वेळापत्रकात मी कधीच बसले नाही, मला माझी सीरिज पहिल्यांदा कुणी माझ्या वेळेला दिली असेल तर ती बिंजनं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी वॉर्डवरची 'द पिट' २०२५ मध्ये गाजली. एकाच शिफ्टचे पंधरा तास, पंधरा भाग, आठवड्याला एक. ती मात्र सगळे भाग येईपर्यंत थांबली आणि दोन सुट्ट्यांमध्ये उरकून मोकळी झाली. 'एक शिफ्ट पंधरा आठवडे चालते?' मला म्हणाली, 'वाटते खरी तेवढीच लांब!'

तिच्यासारखे खूप आहेत. यूएस शिफ्टवाले आहेत, तान्ही बाळं मांडीवर घेऊन रात्र काढणाऱ्या आया आहेत, नव्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुली आहेत. यांतल्या एकीनं मला सांगितलं की बंगळुरूला बदली झाल्यावर पहिले दोन महिने तिला घरात माणसांचे आवाज हवे असायचे, म्हणून ती एकामागून एक भाग लावून ठेवायची. तिला झोपेवरचं संशोधन ऐकवायची माझी तरी हिंमत झाली नाही.

मग बघायचं कसं?

माझं मत विचाराल तर सीरिजची ठेवण बघून ठरवा. 'ॲडोलसन्स' मार्च २०२५ मध्ये आली, चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलेला. ती तोडून बघण्यात अर्थ नाही, एखाद्या लांब नाटकासारखी दोन बैठकांत बघावी. आणि सगळे भाग एकदम येऊनही तिच्यावर घराघरांत चर्चा झाली, कारण चार तास काय, कुणीही पटकन बघून गटात सामील होऊ शकत होतं. पण जिच्यात दर भागाला कोडं आहे, अंदाज बांधण्यात मजा आहे, ती घाईत बघणं म्हणजे शब्दकोडं उत्तरांचं पान उघडं ठेवून सोडवणं. आणि 'पंचायत'सारखी संथ, गावच्या पारावर बसल्यासारखी सीरिज तर मला सरळ रविवारी दुपारी एक अशीच आवडते. आठही भाग आलेले असले म्हणून काय झालं?

दोन गोष्टी मात्र करून बघाच. पहिली, सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. तो पाच-चार-तीनचा चौकोन गेला की निम्मा निर्णय तुमच्या हातात परत येतो. दुसरी जरा चमत्कारिक वाटेल. एपिसोडच्या शेवटी थांबू नका, मध्येच थांबा! लेखक भागाचा शेवटच असा लिहितात की पुढचा लावल्याशिवाय राहवू नये. तो पेच बहुतेक वेळा पुढच्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत सुटतो. ती दहा मिनिटं बघून बंद केलंत तर झोप शांत लागते. मी हे तीन महिने करतेय. जमतं. रोज नाही, पण जमतं.

आणि जोडप्यांसाठी एक इशारा. एकत्र बघायला घेतलेली सीरिज एकट्यानं पुढे बघणं हा हल्ली गुन्हा आहे बरं का! नवऱ्यानं टूरवर हॉटेलात तीन भाग बघून टाकले म्हणून आठ दिवस अबोला धरणारी एक वहिनी माझ्या माहितीत आहे. ती सांगते, राग सीरिजचा नव्हताच. दोघांच्या दोन शिफ्ट, भेट रात्री अकराला, आणि दिवसातली तेवढी चाळीस मिनिटं त्यांची होती. त्यानं ती परस्पर खर्च केली.

यावरून आमच्या ग्रुपमधली एक सीए मैत्रीण आठवली. ती इथे मुंबईत, वडील कोल्हापुरात. गेल्या वर्षी आई गेली. फोनवर दोघांचं बोलणं 'जेवलात का' आणि 'पाऊस आहे का' यापलीकडे जाईना. मग तिनं युक्ती काढली. एक जुनी हिंदी पोलीस-सीरिज, सगळे भाग आधीपासून उपलब्ध असलेली, पण बघायची मात्र गुरुवारी एकच. रात्री नऊला दोघं आपापल्या घरी लावतात, दहाला बाबांचा फोन येतो. खुनी कोण यावर अर्धा तास वाद. बाबांचे अंदाज नेहमी थेट बरोबर निघतात आणि ती दर वेळी तोंडभरून कौतुक करते. अकाऊंट दोघांचं एकच आहे. त्यामुळे कुठला भाग कुठवर बघून झालाय, ती लाल रेघ तिला तिच्या फोनवर दिसते. बाबा चौथ्या गुरुवारीच शेवटपर्यंत पोचले होते. तिनं अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. या गुरुवारी सातवा भाग आहे, आणि या वेळचा खुनी माळीच असणार, असं बाबांनी तिला आधीच ठासून सांगितलंय.